पाच अधिक, एकही गुणिले नाही

१

मशीन चालू व्हायचं, स्क्रीनवर निळं आभाळ यायचं, पांढरे ढग यायचे आणि तिथंच सगळं थिजायचं. बंद करा, पुन्हा लावा, पुन्हा तेच ढग.

"भोईटे, शनिवारी तुमच्या त्या मुलीनं आत कार्ड बसवलं आणि आज माझं मशीन उठतच नाहीये," प्रणिता मॅडम फोनवर ओरडत होत्या. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि फरीदाबादच्या आमच्या ऑफिसात मी चहाचा पहिला घोट घेत होतो. "ही तारांची भानगड आजच्या आज काढून न्या. आणि त्या मुलीला परत इथं पाठवू नका."

मी हणमंत भोईटे. गाव सातारा जिल्ह्यातलं, वीस वर्षं हवाई दलात रडारवर काढली, पेन्शन घेतली आणि दिल्लीतच अडकलो. सत्त्याण्णव साल होतं ते. गुडगावात मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि ज्याला त्याला कॉम्प्युटर एकमेकांना जोडून हवे होते. म्हणजे एकानं टाइप केलेलं दुसऱ्याला जागेवर बसून दिसावं. त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये एक नेटवर्क कार्ड बसवायचं आणि तार ओढायची. हेच आमचं काम.

'ती मुलगी' म्हणजे लुंबिनी गजभिये. वडील मूळचे अकोल्याचे, दिल्लीत सरकारी नोकरीत. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झालेला, हात चपळ, आणि तोंडही. सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होती आणि ते सहा महिने नेमके त्याच दिवशी संपत होते. माझा अहवाल चांगला गेला तर पक्की, वाईट गेला तर घरी. आमचे चड्ढासाहेब एकच वाक्य बोलले, "भोईटेजी, आप देख लो, आपकी ट्रेनी है." आणि अहवालाचा फॉर्म माझ्या हातात देऊन मोकळे झाले.

फॉर्म खिशात घातला, मॅडम नको म्हणाल्या होत्या तरी काम तिचंच म्हणून लुंबिनीला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघालो. सूरजकुंडच्या रस्त्यानं थंडी नुसती झोंबत होती. ती अर्ध्या वाटेत एकदाच बोलली.

"सर, शनिवारी पाचही मशीन चालू करून बघितली होती मी. एकूण एक."

"बघू," मी म्हणालो.

२

प्रणिता मॅडमचं दिल्लीतलं ऑफिस म्हणजे चार खोल्या आणि पाच मशीन. हिंदी-मराठी अक्षरजुळणीचा व्यवसाय. पण त्यांचा जीव अडकला होता एकाच पुस्तकात. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं खपून एक कोश केला होता, हिंदीत आणि मराठीत दिसायला एकसारख्या पण अर्थानं भलत्याच शब्दांचा. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिकवण, मराठीत दंड. असे चार हजार शब्द. वडील दोन वर्षांपूर्वी गेले आणि कोश छापायचा राहिला. नेटवर्क हवं होतं ते त्यासाठीच, पाच जणांनी मिळून तो पुरा करायला.

दारातच गुलाबराव निकम भेटला आणि मला हायसं वाटलं. गुल्या माझा हवाई दलातला दोस्त. एकाच तुकडीत ट्रेनिंग, एकाच बराकीत शेजारी खाट, एकाच वॉरंट ऑफिसर पिल्लैंच्या शिव्या. नोकरी सोडल्यावर त्याला मराठीचा नाद लागला आणि तो इथं मुद्रितं तपासायला लागला. हे गिऱ्हाईकही त्यानंच मला मिळवून दिलं होतं. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिलेला माणूस तो. परमुलखात असा एक आपला माणूस असला की बरं असतं.

"हणम्या, ये," तो हळूच म्हणाला. "जरा बाजूला ये. बोलायचंय."

पण मॅडमनी आधी मशीनकडे नेलं. मी नोंदवहीत लिहिलं: मशीन एक उघडलं, ११.३०, आणि खाली सही. प्रत्येक सहीखाली वेळ घालायची ही पिल्लैसाहेबांची शिस्त. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा माझ्याकडून वेळ पडते, बायको हसते.

कॅबिनेटच्या पाठीवर पाच स्क्रू होते. सगळ्यांच्या खाचा एकसारख्या सरळ, कसे अगदी देखणे. सहा महिने मी लुंबिनीच्या मागं लागलो होतो की बाई, स्क्रू म्हणजे मुरमुरे नव्हेत, कसेही टाकायला.

"स्क्रू तरी नीट लावायला शिकलीस," मी म्हणालो.

"मी?" ती पुढं वाकली, पण तोवर मी झाकण काढलंसुद्धा होतं.

आत कार्डावर तांदळाएवढं काळं टोपण असतं, जंपर म्हणतात त्याला. ते ज्या नंबरवर बसवाल त्या नंबरानं कार्ड मशीनला हाक मारतं. दोन कार्डांनी एकाच नंबरानं हाक मारली की मशीन गोंधळतं आणि चालू होता होता अडकतं. या मशीनमध्ये स्कॅनरचं कार्ड आधीपासून पाचवर होतं.

आणि लुंबिनीचा जंपरही पाचवर होता.

३

"मी दहावर लावला होता," ती म्हणाली. वही काढून दाखवली. मशीन एक, स्कॅनर पाच, नेटवर्क दहा. स्वच्छ लिहिलेलं.

"वहीत दहा आहे. कार्डावर पाच आहे. मग?"

"मग कुणीतरी हलवलाय, सर."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? आमच्या धंद्यात नवशिक्याचं पहिलं वाक्य हेच असतं. "लुंबिनी, नीट आठव. घाईत राहिलं असेल."

"नाही राहिलं."

"शनिवारचा दिवस, बस पकडायची असेल..."

"सर, नाही."

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं वहीतल्या दहावर बोट ठेवलं. मी जंपर दहावर सरकवला, मशीन लावलं, ढग आले, गेले आणि मशीन गुमान सुरू झालं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे चूक तिचीच ना?" मी होकारार्थी मान डोलावली नाही, पण नकारार्थी हलवलीही नाही.

गुल्यानं मला जिन्यात नेलं आणि सिगरेट पेटवली.

"मी बोलणार नव्हतो. पोरीची नोकरी जाईल म्हणून गप्प होतो. पण शनिवारी सहाला मी निघालो तेव्हाच ते ढगांवर अडकलेलं होतं. घाबरून पळाली बिचारी. तू मनाला लावून घेऊ नकोस. तरुण पोरं आहेत, तिला दुसरीकडे मिळेल काहीतरी. ही नेटवर्कची ब्यादच नको, काढून टाक. मॅडमना मी समजावतो."

एवढं झाल्यावर काय राहिलं? मी खिशावर हात ठेवला. फॉर्म जागेवर होता.

आत गेलो तर जेवणाची सुट्टी झालेली. भानुमतीबाई, तिथल्या मराठी टंकलेखिका, टेबलावर कागद पसरून त्यावर डबा मांडून बसल्या होत्या. "या, भोईटेभाऊ, मेथीचा पराठा आहे, दिल्लीचा," असं म्हणत त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. डब्याखालचा कागद उघडा पडला आणि मी त्यावरची ओळ वाचली.

'नमस्कार. मी लुंबिनी. मशीन एकवरून बोलतेय. शनिवार, ५.४०.'

४

"हा कागद कुठला हो?"

"अहो, तिचाच की! शनिवारी निघता निघता तिनं मॅडमच्या मशीनवर टाइप केलं आणि इकडं माझ्या प्रिंटरमधून आपोआप बाहेर आलं. मी तर टाळ्याच वाजवल्या! मग म्हटलं पाठ कोरी आहे, डब्याखाली घ्यायला होईल."

"आणि मग?"

"मग काय? पावणेसहाची बस सुटेल म्हणून दोघी धावतच निघालो. धौला कुआँपर्यंत एकाच बसला होतो. माझ्या शेजारीच बसली होती ना ही."

पराठा माझ्या हातातच राहिला. पाच चाळीसला मशीन एकवरून कागद निघाला असेल, तर तेव्हा जंपर पाचवर असणं शक्यच नाही. पाचवर असता तर ढगांच्या पुढं मशीन गेलंच नसतं, छपाई लांबच. आणि पाच पंचेचाळीसला लुंबिनी बसमध्ये होती. पोरगी खरं बोलत होती. सकाळपासून तीनदा विचारलं आणि तिन्हीदा ती खरंच बोलत होती.

म्हणजे नंतर कुणीतरी झाकण उघडलं होतं.

"मॅडम, शनिवारी संध्याकाळनंतर इथं कोण कोण आलं?"

"किल्ल्या दोघांकडेच आहेत. नीरज आणि गुलाबराव. रविवारी दोघंही येऊन गेले. नीरज सकाळी, गुलाबराव दुपारी, मुद्रितं तपासायला."

नीरज म्हणजे हिंदी विभागाचा ऑपरेटर, मेरठचा, केसाला तेल आणि तोंडात पान. नेटवर्क येणार कळल्यापासून तो दोन आठवडे कुरकुरत होता असं भानुमतीबाईंनी लगेच सांगितलं. मला तर चोर मिळालाच. मी त्याला कोपऱ्यात गाठला.

"नीरज, संडे को क्या कर रहे थे?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले. "भाईसाहब, मैडम को मत बताना. शादी के कार्ड बनाता हूँ. अपने ही लोगों के. नेटवर्क लगा तो मैडम को सब दिख जाएगा, इसीलिए टेंशन था. लेकिन मशीन मैंने नहीं खोली, कसम से. मुझे तो पेचकस पकड़ना नहीं आता."

कारण आहे, किल्ली आहे, रविवारची सकाळ आहे. आणखी काय हवं? तरी खात्री करावी म्हणून मी मशीन तीन उघडायला घेतलं, लुंबिनीनंच शनिवारी लावलेलं. तिथं तरी जंपर वहीप्रमाणे आहेत का ते बघू म्हटलं. मशीन फिरवलं, पाठ माझ्याकडे केली.

आणि हातातला पेचकस मी खाली ठेवला.

५

स्क्रूच्या डोक्यावर चौफुली खाच असते. ती उभी-आडवी असली तर अधिकचं चिन्ह, तिरकी असली तर गुणिले. मशीन तीनचे स्क्रू बघा: एक अधिक, दोन गुणिले, दोन धड ना हे ना ते. मशीन दोन तसंच. चार, पाच, सगळी तशीच. लुंबिनी अशीच लावते, सहा महिने बघतोय मी.

आणि सकाळी मशीन एकची पाठ कशी होती? पाच अधिक. एकही गुणिले नाही.

पिल्लैसाहेब आम्हाला सांगायचे, स्क्रू घट्ट केलास की खाच सरळ कर, सगळ्यांची सारखी. मग उद्या एखादा सैल होऊन फिरला तर लांबून दिसेल. गुणिले दिसला की बोटांवर पट्टी बसायची. त्या पट्ट्या ज्यांनी खाल्ल्या त्यांचे हात जन्मभर तसेच फिरतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. या दिल्लीत तसे हात माझ्या माहितीत दोघांचेच होते. एक माझे. दुसऱ्यानं मला मघाशी जिन्यात सहाच्या ढगांची गोष्ट सांगितली होती.

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला नीरजच चोर हवा होता. मनात आलं, गप्प बसावं, त्याच्याच गळ्यात घालावं आणि घरी जावं. मग लुंबिनीकडे बघितलं. ती खिडकीशी उभी राहून वहीचं पान उलटसुलट करत होती, आपणच चुकलो की काय असं शोधत.

मी मॅडमना सांगितलं, सगळ्यांना मशीन एकपाशी बोलवा. झाकण अजून उघडंच होतं.

"नीरज, यह ढक्कन बंद करो ज़रा."

त्यानं एक स्क्रू खाली पाडला, एक वाकडा घातला, तिसऱ्याला पेचकस घसरून बोट खरचटून घेतलं. भानुमतीबाई हसल्या. मी स्क्रू काढून घेतले आणि पेचकस पुढं केला.

"गुल्या, तू लाव रे. माझे डोळे दुखतायत."

त्यानं सहज घेतला. गप्पा मारत, चष्मासुद्धा न लावता, एकेक स्क्रू बसवत गेला. प्रत्येक घट्ट झाला की मनगट आपसूक किंचित मागं यायचं. एक अधिक. दोन. तीन. चार. पाचव्याला हात मागं आला आणि तिथंच थांबला. त्याला कळलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. लाज कुणाला वाटायला हवी होती आणि कुणाला वाटत होती!

"पिल्लैसाहेबांनी वाट लावली बघ आपली," मी म्हणालो.

"कशाची वाट? काय बोलतोयस?"

"सकाळी या मशीनचे स्क्रू असेच होते, गुल्या. अस्सेच. आणि बाकीच्या चार मशीनचे बघ."

सगळे उठून बघायला गेले. लुंबिनी मात्र हलली नाही. ती मशीन एकच्या स्क्रीनसमोर बसली. जंपर बदलल्यापासून नेटवर्क सुरूच होतं. तिनं स्क्रीनवरच्या पाचव्या मशीनच्या, गुलाबरावच्या मशीनच्या, चित्रावर दोनदा टिचकी मारली. त्यातला कप्पा उघडला आणि मॅडमच्या स्क्रीनवर एका पुस्तकाचं पहिलं पान आलं. कोश तोच, चार हजार शब्द तेच. मॅडमच्या वडिलांचं नाव कुठंच नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत होतं: संपादक, गुलाबराव निकम. प्रकाशक कुणी भलताच.

मॅडमनी ते पान खालपर्यंत वाचलं. "बाबा तुम्हाला रोज संध्याकाळी चहा करून द्यायचे," एवढंच बोलल्या.

६

"दहा वर्षं लोकांच्या चुका काढतोय मी," गुल्या म्हणाला. आवाज चढलेला होता, पण डोळे भिरभिरत होते. "माझं नाव कुठं छापलंय कधी? त्या कोशात अर्धे शब्द मी दुरुस्त केलेत!"

"मग अर्धं नाव घालायचं होतंस. आणि ही पोरगी? हिनं तुझं काय घोडं मारलं होतं?"

"तिला काही होऊ नये असंच वाटत होतं मला. फक्त नेटवर्क जायला हवं होतं." मग तो माझ्या जवळ आला आणि हळू आवाजात, अगदी बराकीतल्यासारखा बोलला, "हणम्या, मला वाटलं, तू येशील. तू आपला. तू काही तिचं ऐकून मला खोटं पाडणार नाहीस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. मी पेचकस टेबलावर ठेवला. हातात राहिला असता तर काय केलं असतं कोण जाणे. वीस वर्षांत मला कुणी इतकं बरोबर ओळखलं नव्हतं. त्याचा हिशेब जवळजवळ जमलाच होता. एका पराठ्यानं मोडला.

मॅडमनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तो जिना उतरून गेला. मला हाक मारली नाही, मीही नाही.

नीरजनं स्वतःहून लग्नाच्या पत्रिका मॅडमना दाखवल्या आणि शिव्या खाऊन सुटला. मॅडम लुंबिनीजवळ आल्या, तिचा हात धरला आणि माफी मागितली. सगळ्यांच्या देखत, मराठीत, न अडखळता. मला ते जमेना. मी म्हटलं, आपण कामानं बोलू.

"लुंबिनी, तुझा अहवाल आत्ताच लिहितो. नोकरी पक्की समज. एकदम फर्स्ट क्लास लिहितो." आणि खिशातला फॉर्म काढून मी फाडायला घेतला. दुसरा मिळाला असता, चड्ढासाहेबांकडे गठ्ठा होता.

"बघू, सर," ती म्हणाली आणि मला काही सुचायच्या आत तिनं तो माझ्या हातातून घेतला.

तिनं वाचलं. मीच लिहिलेलं होतं: 'कु. लुंबिनी गजभिये यांच्या निष्काळजीपणामुळे बिघाड. कायम करू नये.' खाली माझी सही. सहीखाली तारीख. आणि तारखेखाली, पिल्लैसाहेबांच्या शिस्तीनं, वेळ.

तिनं टेबलावरची नोंदवही ओढली आणि फॉर्म तिच्याशेजारी ठेवला. दोन्हीवर अक्षर माझंच होतं.

"हे नऊ पाच," तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. मग नोंदवहीवर ठेवलं. "आणि हे साडेअकरा."

"अगं, मॅडमचा फोन आला, घाईत..."

"मला तीनदा विचारलंत, सर. काकांना एकदा तरी विचारायचं होतंत."

"चुकलं माझं. आपला माणूस म्हटल्यावर..."

"हो. ते कळलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "गुलाबरावकाकांनी मला अडकवायला निदान मशीन तरी उघडलं. तुम्ही तर उघडलंसुद्धा नव्हतं."

तिनं फॉर्मच्या नीट चार घड्या घातल्या आणि तो माझ्या खिशात परत ठेवला. मग वही पिशवीत टाकली, भानुमतीबाईंना हाक मारली आणि दोघी बसला गेल्या.